एन-लिस्ट आणि ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’: कॉलेजचा अर्ज अडतो कुठे?

‘आमच्या कॉलेजला ई-जर्नल्स (ऑनलाइन संशोधन नियतकालिकं) मिळत नाहीत’ अशी तक्रार आली की खोलात गेल्यावर बहुतेकदा दोनपैकी एक गोष्ट निघते. एक तर अर्ज चुकीच्या योजनेकडे गेलेला असतो, नाहीतर कार्यालयात एक जुनं पत्र सापडत नाही म्हणून तो केलेलाच नसतो. यात नुकसान होतं ते एम.ए.चा प्रकल्प करणाऱ्या मुलामुलींचं. म्हणून अर्ज भरण्याआधी आपलं कॉलेज नेमकं कुठे बसतं, ते पाहा.

कॉलेजांना ई-जर्नल्स देणाऱ्या दोन योजना आहेत. दोन्हींचं काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं (यूजीसी) ग्रंथालय-सेवेचं केंद्र, बघतं. पहिली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात येतात. पैसे केंद्र सरकार भरतं. मात्र ती केंद्र वा राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालच्या उच्च शिक्षण संस्थांसाठी आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी आहे. ‘व्यवस्थापन’ हा शब्द नीट वाचा. महाराष्ट्रातली बरीच कॉलेजं शिक्षण संस्थांनी काढलेली आहेत. शिक्षकांचे पगार शासन देतं, कारभार संस्था पाहते. अशी कॉलेजं अनुदानित असतात, शासकीय नसतात. ‘पगार सरकारचा म्हणजे आपण सरकारीच’ असं गृहीत धरून बरीच कॉलेजं वाट बघत बसतात आणि वर्ष हातचं जातं.

विद्यार्थ्यांचा गोंधळ याच्याच शेजारचा. ‘पदवी विद्यापीठाची, विद्यापीठाला जर्नल्स मिळतात, मग मला का नाही?’ प्रश्न रास्त आहे, पण प्रवेश संस्थेनुसार मिळतो. विद्यापीठाच्या विभागात शिकणाऱ्याला जे उघडतं ते संलग्न खासगी कॉलेजातल्या विद्यार्थ्याला आपोआप उघडत नाही. हे मला पटत नाही. त्याच अभ्यासक्रमाची तीच परीक्षा देणाऱ्या दोघांत असा भेद करायचं कारण कोणी समजावून सांगत नाही. तूर्त नियम असा आहे, तेव्हा ‘वन नेशन’च्या पोर्टलवरच्या यादीत आपल्या कॉलेजचं नाव आहे का ते आधी शोधा.

नाव नसेल तर दुसरी योजना, एन-लिस्ट. ही सोय २०१० पासून कॉलेजांसाठीच आहे. ६,००० हून अधिक ई-जर्नल्स आणि लाखाहून अधिक ई-पुस्तकं, असा तिचा आवाका सांगितला जातो. कला, वाणिज्य, विज्ञान कॉलेजांना अडचण नाही. कृषी, अभियांत्रिकी, व्यवस्थापन, वैद्यकीय, दंतवैद्यक, औषधनिर्माण आणि परिचर्या महाविद्यालयं मात्र पात्रतेतून वगळलेली आहेत. त्यांनी या अर्जात वेळ घालवू नये.

आता ते पत्र. अनुदानित कॉलेज यूजीसी कायद्याच्या कलम २(एफ) आणि १२(बी) खाली असल्याचा पुरावा लागतो. ढोबळपणे सांगायचं तर २(एफ) ही मान्यता आणि १२(बी) ही केंद्रीय अनुदानाची पात्रता. पत्र जुनं, तेव्हाचे कार्यालयीन अधीक्षक निवृत्त झालेले, आणि फाईल कुठल्या कपाटात आहे हे कोणालाच ठाऊक नाही. नव्या प्रतीसाठी दिल्लीला पत्रव्यवहार सुरू करण्याआधी कॉलेजने नॅकला (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला) दिलेला स्वयं-मूल्यमापन अहवाल उघडा. सुरुवातीच्या कॉलेज-परिचयाच्या भागात दोन्ही कलमांखालच्या मान्यतेच्या तारखा असतात आणि बहुतेकदा पत्राची स्कॅन प्रतही जोडलेली असते. यूजीसीच्या संकेतस्थळावरही अशा कॉलेजांची यादी आहे. पत्रावरचं नाव आणि आजचं नाव जुळतं का, तेही तपासा. मध्येच कॉलेजला कोणा देणगीदाराचं नाव दिलं गेलं असेल तर नावबदलाचं विद्यापीठाचं पत्र सोबत ठेवा.

एन-लिस्टच्या वर्षाच्या वर्गणीचा आकडा बरीच वर्षं असा राहिला आहे: अनुदानित कॉलेजला जीएसटीसह ५,९०० रुपये, विनाअनुदानितला ३५,४००. भरण्यापूर्वी पोर्टलवरचा चालू दर बघा. ज्या कॉलेजात बी.ए. अनुदानित आणि बी.एस्सी. आय.टी. स्वयंअर्थसहाय्यित आहे, तिथे कोणता दर लागतो हे आधी लेखी विचारून घ्या. पैसे गेल्यावर पावती आणि बँकेचा व्यवहार क्रमांक ग्रंथपालांकडे द्या. लेखा विभागाने एनईएफटी केलं आणि कोणाला कळवलंच नाही, तर पैसे जमा असूनही सदस्यत्व चालू होत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती मुदतीत. सदस्यत्व एप्रिल ते मार्च चालतं, आपलं शैक्षणिक वर्ष जूनपासून. जानेवारीत पैसे भरणारा समजतो की पुढच्या जानेवारीपर्यंत निश्चिंती. प्रत्यक्षात ३१ मार्चला ते संपतं, आणि नेमके तेव्हाच प्रबंधिका लिहायचे दिवस असतात. ग्रंथालय समितीची बैठक, प्राचार्यांची सही, संस्थेची मंजुरी यांत दोन महिने सहज जातात. प्रस्ताव फेब्रुवारीतच मांडा.

नोंदणीचा फॉर्म, प्राचार्यांची सही-शिक्का, कॉलेजचा एआयएसएचई कोड (उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणातला क्रमांक) आणि समन्वयकाची नेमणूक ही कामं एका दुपारी होतात. खरी चिकाटी लागते वापरकर्त्यांच्या यादीला. प्रत्येकाचं नाव, विभाग आणि ई-मेल अशी एक्सेल यादी चढवायची असते, आणि त्याच ई-मेलवर युजर आयडी येतो. प्रवेशअर्जावरून घाईत उतरवलेल्या यादीत ‘जीमेल’चं ‘गमिल’ झालेलं असतं, किंवा सायबर कॅफेवाल्याने पाच मुलांना आपलाच पत्ता दिलेला असतो. मग आयडी तयार होतो आणि मुलाला कधी मिळतच नाही. वर्गात कागद फिरवून ज्याचा त्याला पत्ता लिहू द्या, आणि मेल दिसला नाही तर स्पॅममध्ये बघायला सांगा. वेळ नाही म्हणून एकच आयडी अख्ख्या विभागाला वाटू नका. एकदम शेकडो लेख उतरवले गेले तर प्रकाशक प्रवेश रोखतो आणि त्याचा फटका सगळ्या कॉलेजला बसतो.

विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. लेखाच्या पानावर डॉलरमध्ये किंमत दिसली म्हणजे तो आपल्याला मिळणार नाही, असं समजू नका. मोबाईल डेटावरून थेट प्रकाशकाच्या साइटवर गेलं की सगळ्यांना तेच दिसतं. एन-लिस्टमध्ये आधी लॉगिन करून तिथूनच जर्नलकडे जायचं असतं. ‘वन नेशन’मधल्या संस्थांत कॅम्पसच्या नोंदवलेल्या आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) लेख उघडतात, बाहेरून इन्फेड या इन्फ्लिबनेटच्या लॉगिन सोयीतून संस्थेचं नाव निवडून लॉगिन करावं लागतं. वसतिगृहाची इंटरनेट लाइन वेगळी असेल तर तिचा आयपी नोंदवला आहे का, हे ग्रंथपालांना विचारा.

शिक्षण संपलेले, स्वतंत्रपणे संशोधन करणारे यांना या दोन्हींपैकी काहीच लागू होत नाही. शोधगंगेवरचे पीएच.डी. प्रबंध मात्र कोणालाही विनामूल्य वाचता येतात, आयआयटी खरगपूरची राष्ट्रीय डिजिटल लायब्ररीही सर्वांना खुली आहे, आणि पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने आपली जुनी दुर्मीळ पुस्तकं स्कॅन करून ऑनलाइन ठेवली आहेत. महाराष्ट्राच्या आर्थिक-सामाजिक इतिहासावर काम करत असाल तर सुरुवात तिथूनच करा. त्यासाठी कुठलंही पत्र लागत नाही.