कॉपी-पेस्टची कुळकथा

दहावी-बारावीचे निकाल लागले की दारव्हा, दिग्रस, पुसदसारख्या गावांत सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रिमीलेअर. त्याच सुमारास पेरणी तोंडावर आलेली असते, म्हणून पीककर्जासाठी सातबारा आणि आठ-अ काढायला शेतकरीही येऊन बसतात. "भाऊ, करून द्या ना लवकर, यष्टी निघून जाईल," हे वाक्य ऑपरेटरच्या कानावर दिवसभर पडत असतं. अशा गर्दीत जो ऑपरेटर प्रत्येक रकान्यासाठी माऊसकडे हात नेतो आणि जो टॅब दाबून पुढच्या रकान्यात उतरतो, त्यांच्या रांगा सारख्या वेगानं सरकत नाहीत. तरीही शॉर्टकट, म्हणजे माऊस न धरता कळांनीच काम उरकणं, ही संगणकात मुरलेल्या लोकांची करामत आहे, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. इतिहास पाहिला तर उलट दिसतं. यातल्या महत्त्वाच्या कळा टेबलाशी बसून कागद हाताळणाऱ्या माणसांचं काम पाहूनच ठरल्या.

सुरुवात टाईपरायटरपासून करावी लागते. 1878 च्या रेमिंग्टन नंबर 2 यंत्रात शिफ्टची कळ आली आणि एकाच कळीवर दोन अक्षरं बसली. एक कळ धरून ठेवायची आणि दुसरी दाबायची, ही सवय बोटांना तिथं लागली. टॅबही टाईपरायटरचीच, तक्ते टाईप करताना गाडा थेट पुढच्या रकान्यापाशी नेण्यासाठी ती होती. आपल्या तालुक्यांतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी 30 आणि इंग्रजी 40 च्या परीक्षेची तयारी करणाऱ्या पिढ्यांनी हेच गिरवलं: नजर कागदावर, बोटं कळांवर. शॉर्टकटला लागणारी शिस्त त्यांच्याकडे संगणक येण्याआधीपासूनच होती.

कंट्रोलची कळ आली तारेवरून मजकूर पाठवणाऱ्या टेलिप्रिंटरकडून. ती धरून अक्षर दाबलं की अक्षर उमटण्याऐवजी यंत्राला हुकूम जायचा. तेव्हाच्या टर्मिनलवर, म्हणजे मोठ्या संगणकाला जोडलेल्या पडदा-किबोर्डवर, कंट्रोल-एस म्हणजे 'पडद्यावर येणारा मजकूर थांबव' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चालू कर'. 1978 मध्ये वर्डस्टार हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम आला. त्या काळच्या अनेक किबोर्डांवर बाणांच्या कळा नसत, म्हणून त्यात कर्सर हलवायला कंट्रोलसोबत ई, एस, डी, एक्स वापरत. मजकूर जतन करायचा तर कंट्रोल-के आणि मग एस. नव्वदच्या दशकात वर्डस्टार, लोटस, डीबेस असा कोर्स केलेल्यांना हे अजून आठवत असेल.

मला सगळ्यात जवळची वाटते ती कट, कॉपी, पेस्टची गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात सत्तरच्या दशकाच्या मध्यावर लॅरी टेस्लर आणि टिम मॉट 'जिप्सी' नावाचा मजकूर-संपादक तयार करत होते. तो हवा होता झेरॉक्सच्याच मालकीच्या जिन या पाठ्यपुस्तक प्रकाशन संस्थेला. मॉट तिथं गेले आणि संपादकांचं काम पाहू लागले. ही मंडळी टाईप केलेला कागद कात्रीनं कापून गोंदानं दुसरीकडे चिकटवत. एका संपादिकेला कोऱ्या पडद्यापुढे बसवून विचारलं, की यावर तुम्ही काम कसं कराल? तिनं सांगितलेल्या रीतीवरून प्रोग्रॅमची बांधणी झाली. आधी माणसाचं काम पाहायचं आणि मग यंत्र बनवायचं, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले आणि 1983 च्या लिसा संगणकावर झेड, एक्स, सी, व्ही या कळा पक्क्या झाल्या. एक्स म्हणजे फुली, खोडण्याची खूण. सी कॉपीचा. व्हीचा आकार मुद्रितशोधक शब्द घुसवायला करतात त्या खुणेसारखा, फक्त उलटा. झेड शेजारीच, चुकलेलं परत फिरवायला. चारही कळा डाव्या हाताखाली, एका ओळीत. आयबीएम या संगणक कंपनीनं 1987 मध्ये वेगळे नियम काढले होते: कापायला शिफ्ट-डिलीट, चिकटवायला शिफ्ट-इन्सर्ट. आजही बहुतेक ठिकाणी ते चालतात, पण 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये कंट्रोलसोबत एक्स-सी-व्ही आलं आणि तेच रुळलं.

संगणक पुन्हा सुरू करणारं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट 1981 च्या आयबीएम पीसीसोबत आलं. डेव्हिड ब्रॅडली यांनी ते आपल्या अभियंत्यांच्या सोयीसाठी केलं होतं. चुकून दाबलं जाऊ नये म्हणून दोन हात लागतील अशा कळा मुद्दाम निवडल्या.

मराठीत इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली किबोर्डची मांडणी, 1986 ची. तिच्यात सीच्या कळीवर 'म' आहे आणि व्हीच्या कळीवर 'न'. मराठी टाईप करता करता कंट्रोल धरून 'म' दाबला की कॉपी आणि 'न' दाबला की पेस्ट. त्यासाठी इंग्रजीवर जावं लागत नाही. अडचण येते ती युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून ठरलेल्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टची. त्या फॉन्टमधला जुना ठराव किंवा अर्ज उचलून ऑनलाईन रकान्यात चिकटवला की अक्षरांचा नुसता चोथा होतो. तो मजकूर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणावा लागतो. तहसीलसमोर बसणाऱ्या अर्जनवीसांचा यात बराच वेळ जातो.

आणि लाईन. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. वर्डमधलं प्रतिज्ञापत्र दर परिच्छेदाला कंट्रोल-एसनं (आता ही जतन करण्याची कळ) जतन करत लिहिलं तर जुन्या इन्व्हर्टरनं दगा दिला तरी फारसं काही जात नाही. पोर्टलवरच्या अर्जाला मात्र ही कळ उपयोगाची नाही. तिथं सेव्हचं बटण असेल तर तेच दाबावं लागतं.

2018 पासून विंडोज 10 मध्ये विंडोजची कळ आणि व्ही दाबलं की आधी कॉपी केलेल्या 25 पर्यंत गोष्टी समोर येतात. ही सोय एकदा चालू करून घ्यावी लागते. गाव, तालुका, पिन कोड पुन्हा पुन्हा भरणाऱ्यासाठी ती उत्तम आहे. पण त्याच यादीत लोकांचे आधार आणि खाते क्रमांकही साठतात. केंद्राच्या संगणकावर अनेक जण बसत असतील, तर काम झाल्यावर ती यादी पुसूनच उठावं.