एफएल-३ जागेचं, परमिट माणसाचं: बडोद्यात बार का निघत नाही

बडोद्यात रेस्टॉरंटला बारचं लायसन्स मिळत नाही. जास्त फी भरून नाही, ओळखीने नाही, अलकापुरीसारख्या उच्चभ्रू भागात नाही आणि हायवेवरही नाही. तरी पुण्या-नाशिकहून इथे हॉटेल काढायला येणारी आपली माणसं विचारतातच, "गुजरातेत दारूचं परमिट मिळतं ना? मग परमिट रूम का नाही?" या गल्लतीपायी लोक जागेचं डिपॉझिट भरून बसतात, म्हणून एकदा नीट सांगतो.

महाराष्ट्रातलं एफएल-३, म्हणजे परमिट रूमचं लायसन्स, तुम्हाला माहीत आहे. उत्पादन शुल्क खात्याकडे अर्ज, जागेचा नकाशा, दरवर्षी नूतनीकरण, आणि मग टेबलावर पेग. इथे त्या खात्याच्या जागी नशाबंदी आणि आबकारी खातं आहे. फूड लायसन्स, फायर एनओसी वगैरे दोन्हीकडे लागतंच, त्यात फार फरक नाही.

गोंधळाचं मूळ असं, की दोन्हीकडचा कायदा एकच: मुंबई दारूबंदी कायदा, १९४९. बडोदा संस्थानही त्याच वर्षी मुंबई प्रांतात विलीन झालं. १९६० साली राज्यं वेगळी झाली तेव्हा हा कायदा दोघांच्या वाट्याला आला. गुजरातने २०११ मध्ये त्याच्या नावातलं 'मुंबई' काढून 'गुजरात' घातलं. त्यामुळे पिणाऱ्याकडे परवाना हवा, ही अट महाराष्ट्रातही आहे. पण तिथे ती औपचारिकता आहे. गिऱ्हाईक येऊन बसतं, एक दिवसाचा परवाना बारवाला फाडतो किंवा फाडतही नाही. सगळी भिस्त जागेच्या लायसन्सवर.

गुजरातेत नेमकं उलट आहे. इथे सगळी भिस्त माणसाच्या परमिटवर. बाहेरच्या राज्यातून आलेल्याला ओळखपत्र आणि प्रवासाचा पुरावा दाखवून थोड्या दिवसांचं परमिट मिळतं. इथल्या रहिवाशाला हेल्थ परमिट काढावं लागतं: वय किमान ४०, डॉक्टरचं प्रमाणपत्र, सरकारी वैद्यकीय मंडळाची तपासणी. कोटाही वयावर ठरतो. पन्नाशीपर्यंत महिन्याला ३ युनिट, पुढे ६५ पर्यंत ४, त्यानंतर ५. ७५० मिलीची व्हिस्कीची बाटली म्हणजे एक युनिट. महाराष्ट्राचं आजीवन परमिट इथे चालत नाही आणि तिकडून गाडीत टाकून आणलेली बाटलीही चालत नाही.

मग मोठ्या हॉटेलांत दारू मिळते ती कशी? तिथे परमिट शॉप असतं. त्याला बाटली विकायची परवानगी असते, तीही फक्त परमिटधारकाला आणि परमिटावर नोंद करून. बाटली घ्यायची आणि स्वतःच्या खोलीत किंवा घरी न्यायची. त्याच हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये ती उघडता येत नाही. हॉटेलात दारू मिळते म्हणजे हॉटेलात बार आहे, असं मुळीच नाही.

सगळ्यात जास्त लोक फसतात ते याच्या पुढच्या पायरीवर. पाहुण्याकडे परमिट आहे, बाटली रीतसर घेतलेली आहे. मग आपण नुसते ग्लास आणि सोडा दिला तर काय बिघडलं? बरंच बिघडलं. पाहुण्याचं परमिट तुमच्या टेबलाला लागू होत नाही. पिण्यासाठी जागा पुरवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्यात मालक अडकतो. २०१७ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा विक्रीची शिक्षा १० वर्षांपर्यंत गेली आहे. 'सगळेच करतात' हे वाक्य मला अजिबात खपत नाही. केस होते तेव्हा त्या सगळ्यांतलं कुणी सोबत येत नाही.

आता हमखास गिफ्ट सिटीचं नाव निघेल. डिसेंबर २०२३ मध्ये तिथे जेवणासोबत मद्य द्यायची मुभा मिळाली हे खरं. पण ती गांधीनगरजवळच्या त्या वित्तीय क्षेत्रापुरतीच आहे, आणि त्या आदेशातही कर्मचाऱ्यांना परमिट व पाहुण्यांना तात्पुरतं परमिट, अशीच रचना होती. बाटली विकायला तिथेही मनाई. तिथे मिळालं म्हणून उद्या बडोद्यात मिळेल, या आशेवर भाडेकरार करू नका.

बारच काढायचा असेल तर दमण पाहा. ते केंद्रशासित आहे आणि तिथे हा कायदा नाही. बडोद्यातच राहायचं असेल तर निव्वळ जेवणावर हिशेब बसतो का ते आधी बघा. आणि 'बारचं लायसन्स काढून देतो' म्हणणारा एजंट भेटला, तर कोणत्या नियमाखाली आणि कोणत्या नमुन्यात ते लिहून मागा. तो कागद नशाबंदी खात्याच्या जिल्हा कार्यालयात दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.