प्रोसेसर ठणठणीत, बाकी सगळं आजारी

वीस वर्षांपूर्वीचा बंद पडलेला संगणक उघडला, की त्यातला सर्वांत धडधाकट भाग बहुतेक वेळा प्रोसेसरच निघतो. त्या चिपमध्ये काही हलत नाही, काही वाळत नाही, त्यामुळे तिची झीज अगदी मंद असते. दगा देतात ते आजूबाजूचे: बॅटरी, कपॅसिटर (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्या), हार्ड डिस्क, पंखा. आणि या सगळ्यांच्याही आधी निकामी होतं ते सॉफ्टवेअर. पॉवरपीसी प्रोसेसरवर चालणारे अ‍ॅपलचे जुने मॅक पुन्हा उभे करणाऱ्या हौशी मंडळींचा सगळा खटाटोप यावरच चालतो. मुंबईत कुर्ल्याचं भंगार, गाशा गुंडाळलेली एखादी जाहिरात संस्था, गिरगाव-दादरकडच्या छापखान्याचा पोटमाळा, अशा ठिकाणांहून जी-३ आणि जी-४ मॅक, म्हणजे पॉवरपीसीच्या तिसऱ्या-चौथ्या पिढीचे, बाहेर पडतात. सुटे भाग लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळतात, आणि नाही मिळाले तर कुठे मिळतील ते तिथेच कळतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. १९७०च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॉक आणि त्यांचे सहकारी ८०१ नावाच्या प्रकल्पावर काम करत होते. प्रोसेसरला गुंतागुंतीच्या आज्ञा शिकवत बसण्यापेक्षा मोजक्या, साध्या, एकसारख्या आज्ञा द्याव्यात आणि त्यांची जुळवाजुळव कंपायलरवर, म्हणजे प्रोग्रॅमचं प्रोसेसरच्या भाषेत भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरवर सोपवावी, हा त्यामागचा विचार. कॉक यांना १९८७चं ट्यूरिंग पारितोषिक मिळालं. १९९१ साली अ‍ॅपल, आयबीएम आणि मोटोरोला एकत्र आले, त्यांनी याच विचारावर पॉवरपीसी बेतला आणि मार्च १९९४ मध्ये पहिले पॉवर मॅकिंटॉश बाजारात आले. पॉवरपीसीची प्रत्येक आज्ञा बरोबर ४ बाइटची असते. इंटेलच्या घराण्यात ती १ ते १५ बाइटमध्ये कितीही लांब असू शकते, म्हणजे एक आज्ञा कुठे संपली आणि पुढची कुठे सुरू झाली हे शोधण्यातच प्रोसेसरचं बरंच बळ खर्च होतं. हाताशी आकडे ठेवायला पॉवरपीसीकडे ३२ रजिस्टर होते, त्या काळच्या ३२ बिटी इंटेलकडे ८. जी-४ मध्ये १९९९ साली अल्टिव्हेक आलं: १२८ बिटांचा एकच घास, त्यात चार आकडे बसवायचे आणि चौघांवर एकदम क्रिया करायची. फोटोशॉपच्या फिल्टरसाठी हे वरदान होतं.

मग पॉवरपीसी हरला कसा? उष्णतेने. २००३चा जी-५ ताकदवान होता, पण तो लॅपटॉपमध्ये मावेल इतका थंड काही होईना. २००४च्या २.५ गिगाहर्ट्झच्या पॉवर मॅकमध्ये तर प्रोसेसर थंड ठेवायला नळ्यांतून द्रव फिरवावा लागला. त्या नळ्या आता गळतात, म्हणून जाणकार हे मॉडेल घेताना आधी तळाशी हिरवट डाग आहेत का ते बघतात. ६ जून २००५ला अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्झ यांनी अ‍ॅपल इंटेलकडे जात असल्याचं जाहीर केलं. पॉवरपीसीवर चालणारी शेवटची मॅक प्रणाली, लेपर्ड, ऑक्टोबर २००७ मध्ये आली. २००९ मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीने दार लावून घेतलं.

घराणं मात्र बुडालं नाही. जी-५ आयबीएमच्या ज्या पॉवर-४ प्रोसेसरवरून बेतला, तोच प्रोसेसर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या परम पद्म या महासंगणकात होता, २४८ नग. आणि मंगळावरच्या क्युरिऑसिटी आणि पर्सिव्हरन्स या गाड्यांमध्ये जो आरएडी-७५० बसवला आहे, तो पॉवरपीसी ७५०चा किरणोत्सर्ग सोसणारा अवतार. हाच ७५० जी-३ या नावाने १९९८च्या निळसर आयमॅकमध्ये २३३ मेगाहर्ट्झवर चालत होता. मंगळावर त्याचा वेग २०० मेगाहर्ट्झपर्यंतच ठेवला आहे. तिकडे दुरुस्तीला कुणी जात नाही, म्हणून जुना आणि पुरता ओळखीचा झालेला प्रोसेसर निवडतात.

आता आजारांकडे वळू. पहिला संशयित म्हणजे मदरबोर्डवरची ३.६ व्होल्टची छोटी लिथियम बॅटरी, पेन्सिल सेलच्या निम्म्या लांबीची. तिच्यात थायोनिल क्लोराइड असतं. बॅटरी फुटली की ते हवेतल्या बाष्पाशी भिडतं आणि हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. पावसाळ्यात ८० टक्क्यांच्या वर आर्द्रता असलेल्या मुंबईत बाष्पाची काय कमी? तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात, आणि रेषा तुटली की ठणठणीत प्रोसेसरचाही उपयोग नाही. म्हणून जुना मॅक हाती आला की चालू करण्याआधी ही बॅटरी काढायची. कारखान्यांतल्या कंट्रोलरमध्ये आणि मीटरमध्ये याच मापाची बॅटरी लागते, त्यामुळे संगणकाच्या दुकानात नाही मिळाली तर औद्योगिक सामानाच्या दुकानात विचारावं.

दुसरा आजार कपॅसिटरचा. २००० सालाच्या आगेमागे बनलेल्या कित्येक अ‍ॅल्युमिनियम कपॅसिटरमधला द्रव सदोष होता. त्यातलं पाणी अ‍ॅल्युमिनियमशी रासायनिक क्रिया करून हायड्रोजन सोडत राहतं, आणि डबीचं डोकं फुगतं. २००४-०५च्या आयमॅक जी-५ मध्ये हा प्रकार इतका झाला की अ‍ॅपलने त्यासाठी वॉरंटीपलीकडची दुरुस्ती मोहीम काढली. तापमान १० अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे. पोटमाळ्यावर पत्र्याखाली काढलेले मे महिने या हिशेबात धरायला हवेत. फुगलेले कपॅसिटर काढून नवे डाखणं हे सोल्डरिंगचा हात असलेल्याला जमण्यासारखं काम आहे. पण काचेच्या पिक्चर ट्यूबचा आयमॅक किंवा ईमॅक उघडायचा नाद नवख्याने करू नये. ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार प्लग काढल्यावरही शिल्लक असू शकतो.

बॅटरी गेल्याचा आणखी एक विचित्र परिणाम दिसतो. घड्याळ मागे जातं, आणि मॅक ओएस टेन या प्रणालीत ते आपल्या वेळेनुसार १ जानेवारी १९७०, पहाटेचे साडेपाच दाखवतं. अशा संगणकाला आजचं कुठलंही सुरक्षित संकेतस्थळ खोटं वाटतं, कारण त्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र त्याच्या मते अजून जन्माला यायचं असतं. घड्याळ नीट लावलं तरी अडचण सुटत नाही. सुरक्षित जोडणीचा आज चालणारा टीएलएस १.२ हा करार २००८चा, लेपर्ड त्याच्या आधीचं. टेनफोरफॉक्स या फायरफॉक्सवरून बनवलेल्या ब्राउझरने २०१० पासून दहाएक वर्षं ही खिंड लढवली. काही जण मधे रास्पबेरी पाय नावाचा एक चिमुकला संगणक ठेवतात: बाहेरच्या जगाशी तो नव्या भाषेत बोलतो आणि मॅकला साध्या भाषेत सांगतो. लिनक्सही आहेच, त्यातल्या डेबियन या आवृत्तीने २०१७ मध्ये ३२ बिटी पॉवरपीसीचा अधिकृत पाठिंबा काढला, पण स्वयंसेवकांनी ती शाखा चालू ठेवली. नेटबीएसडी, ओपनबीएसडी आणि मॉर्फओएस या प्रणालीही जी-४वर चालतात.

तरी नवं सॉफ्टवेअर इथे आणणं कटकटीचं का, याचं कारण बाइटच्या क्रमात आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसऐवजी ‘वीस सात’ म्हणायचं ठरलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला होता. मराठीत आपण २७ लिहिताना आधी दशक मांडतो, बोलताना आधी एकक. प्रोसेसरांतही असेच दोन पंथ आहेत. मॅकमधला पॉवरपीसी संख्येचा मोठा भाग मेमरीत आधी ठेवतो, इंटेल लहान भाग आधी. जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक ०९१५ आहे. सोळा बिटांत हा ‘क’ एका पंथाने लिहिला आणि दुसऱ्या पंथाने सरळ वाचला, तर १५०९ होतो, आणि त्या जागी कॅनडातल्या आदिवासी भाषांच्या लिपीतलं एक अक्षर बसलेलं आहे! आज जवळपास सगळे संगणक आणि फोन लहान-भाग-आधी पंथाचे असल्याने प्रोग्रॅमर तेच गृहीत धरून लिहितात. मग पॉवरपीसीवर चित्रातल्या लाल-निळ्याची अदलाबदल होते, नाहीतर प्रोग्रॅम सरळ कोसळतो.

माझ्या मते मुंबईत हे संगणक जगवण्याचं खरं कारण जुन्या फायली हे आहे. पर्यावरणाचं कारणही सांगितलं जातं, ते मला फारसं पटत नाही. जी-४ मॅक मिनीचा अडॅप्टर ८५ वॉटचा आहे, ते ठीक. पण २००५च्या चार गाभ्यांच्या जी-५ला १००० वॉटचा पॉवर सप्लाय होता, आणि आजचा स्वस्तातला फोनही त्याची बरीच कामं खिशात बसून करेल.

युनिकोड रुळण्याआधी मराठी डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणं, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे भरलेले फॉन्ट. प्रत्येक कंपनीची भरणी वेगळी. क्वार्क एक्सप्रेस या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये लावलेला दिवाळी अंक मूळ फॉन्टशिवाय उघडला, तर पानभर रोमन अक्षरांची भेळ दिसते. युनिकोडमध्ये आणतानाही नुसती अक्षरं बदलून भागत नाही: जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडला ती नंतर हवी, रफार याच्या उलट. त्यात मॅकच्या जुन्या फॉन्टची मेख अशी, की त्यांची सगळी माहिती फायलीच्या ‘रिसोर्स फोर्क’ नावाच्या जोडकप्प्यात असते. विंडोजच्या पेन ड्राइव्हला हा कप्पा माहीतच नाही. मॅक ओएस टेन तो कप्पा तिथे टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या वेगळ्या फायलीत ठेवतं. ती कचरा समजून कुणी पुसली, की फॉन्ट शून्य किलोबाइटचा होतो.

म्हणून छापखान्याच्या कपाटात असा मॅक सापडला तर त्यातल्या फायली सुट्या उचलू नका. आधी त्याच मॅकवर अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत काढा. मग मूळ फॉन्टसकट पानांचे पीडीएफ करा आणि मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचं काम त्यानंतर सावकाश करा. या मॅकमधली जुन्या आयडीई जोडणीची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत असते. अ‍ॅडॅप्टर लावून तिथे एमसाटा प्रकारची, न फिरणारी साठवणीची चिप बसते, मात्र २००२च्या आधीच्या बहुतेक जी-४ मॅकना १२८ जीबीच्या पुढची जागा दिसत नाही, तेव्हा मोठी चिप घेऊन पैसे वाया घालवू नका. आणि मॅकच्या मागे डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ज्याच्याशिवाय ते सॉफ्टवेअर चालत नाही असा किल्लीसारखा तुकडा, लटकत असेल, तर तो दोऱ्याने मॅकलाच बांधून ठेवा. प्रोग्रॅमची सीडी एक वेळ कुणाकडे तरी सापडेल, डोंगल नाही सापडणार.