पैसे घेऊन खेळणारा कव्हर पॉइंट

'कव्हर पॉइंट' म्हटलं की आपल्याला क्रिकेटचं मैदान आठवतं. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात हा शब्द बर्फावरच्या हॉकीतही रुळलेला होता. जाळी लावलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत खेळायच्या लॅक्रॉस या खेळातून तो तिथे आला. संघात तेव्हा सात खेळाडू असत. गोलरक्षकाच्या पुढे 'पॉइंट' आणि त्याच्याही पुढे 'कव्हर पॉइंट', अशी बचावफळी एकामागे एक उभी राही. पुढे पास द्यायला बंदी होती, त्यामुळे बचावपटूकडे चकती (बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी असते ती) आली की बहुतेक वेळा तो ती उंच उडवून लांब फेकून देई. विल्यम हॉजसन ऊर्फ हॉड स्टुअर्ट मात्र ती स्वतःच घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गोलकडे सुटायचा.

स्टुअर्ट ओटावाचा, जन्म 1879 चा. आधी ओटावा आणि मग क्यूबेककडून तो खेळला, तो हौशी खेळाडू म्हणूनच. कॅनडात त्या काळी खेळासाठी पैसे घेणं हे जवळजवळ बाटण्यासारखं मानलं जाई. एकदा मानधन घेतलं की हौशी संघांची दारं बंद. प्रत्यक्षात चांगल्या खेळाडूंना हळूच पाकिटं पोचत होती, आणि हे सगळ्यांना ठाऊकही होतं. हा सोवळेपणा मला तरी दिखाऊच वाटतो.

सीमेपलीकडे अमेरिकेत असली लाज नव्हती. पिट्सबर्गच्या ड्यूकेन गार्डनमध्ये कृत्रिम बर्फाचं मैदान होतं आणि तिकीट काढून खेळ पाहायला गर्दी लोटत होती. 1902 मध्ये तिथल्या लीगने खेळाडूंना उघडपणे पगार द्यायला सुरुवात केली आणि स्टुअर्ट पिट्सबर्ग बँकर्समध्ये दाखल झाला. पुढच्या मोसमात तो मिशिगनमधल्या हॉटनला, पोर्टेज लेक संघात गेला. त्याचा धाकटा भाऊ ब्रूसही तिथे होता.

सुपीरियर सरोवराकाठचा हा मुलूख तांब्याच्या खाणींचा. लांबलचक हिवाळा, खाणीतून येणारा पैसा आणि शेजारच्या गावाची जिरवण्याची हौस, एवढ्या भांडवलावर 1904 मध्ये 'इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग' उभी राहिली. संपूर्णपणे व्यावसायिक अशी ही जगातली पहिली हॉकी लीग. संघ पाचच, त्यातला एक कॅनडाचा. हॉटनजवळच्या कॅल्युमेटने स्टुअर्टला खेळाडू, प्रशिक्षक आणि व्यवस्थापक अशा तिन्ही कामांसाठी 1,800 डॉलरवर घेतलं, आणि पहिल्याच मोसमात विजेतेपद मिळवलं.

आपले उत्तम खेळाडू असे निघून चाललेले पाहून कॅनडालाही नमतं घ्यावं लागलं. 1906 च्या अखेरीस पूर्व कॅनडातल्या नव्या संघटनेने व्यावसायिक आणि हौशी खेळाडूंना एकत्र खेळायची मुभा दिली. अट एकच: कोण पैसे घेतो आणि कोण नाही, हे जाहीर करायचं. कॅल्युमेटनंतर स्टुअर्ट पुन्हा पिट्सबर्गला गेला होता; त्याच डिसेंबरात तो पिट्सबर्ग सोडून माँट्रियल वाँडरर्सकडे आला. कॅनडाच्या हॉकीतल्या सर्वांत मानाच्या स्टॅन्ली चषकासाठी उघडपणे व्यावसायिक म्हणून उतरलेल्या पहिल्या खेळाडूंत तो होता.

तो मोसम रक्तबंबाळ होता. जानेवारी 1907 मध्ये ओटावाविरुद्धच्या सामन्यात आल्फ स्मिथने स्टुअर्टच्या कानशिलावर स्टिक हाणली आणि तो बर्फावर कोसळला. पुढे ओटावाचा संघ माँट्रियलला आला तेव्हा पोलिसांनी त्यांच्या तीन खेळाडूंना अटक केली. स्मिथसह दोघांना 20 डॉलर दंड झाला. त्याच महिन्यात केनोरा या छोट्या गावाच्या संघाने वाँडरर्सकडून चषक हिसकावला. लीगमधले दहाच्या दहा सामने जिंकून वाँडरर्सनी मार्चमध्ये केनोराला पुन्हा गाठलं आणि दोन सामन्यांत मिळून 12-8 अशा फरकाने चषक परत आणला.

तीन महिन्यांनी, 23 जून 1907 ला, कॅनडातल्या बेलव्हिल इथे पोहताना स्टुअर्टने उथळ पाण्यात सूर मारला. डोकं खडकावर आदळून तो जागीच गेला. वय 28. वडिलांच्या बांधकाम व्यवसायातलं काम पाहायला तो तिथे गेला होता.

मागे बायको आणि दोन मुली होत्या. त्यांच्यासाठी 2 जानेवारी 1908 ला माँट्रियलच्या वेस्टमाउंट अरीनात वाँडरर्स विरुद्ध इतर संघांतले निवडक खेळाडू असा सामना भरवला गेला. हॉकीतला हा पहिला 'ऑल-स्टार' सामना मानतात. वाँडरर्स 10-7 ने जिंकले आणि तिकिटांतून दोन हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. 1945 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमसाठी पहिले नऊ खेळाडू निवडले गेले, त्यांत स्टुअर्टचं नाव होतं. केनोराचा कर्णधार टॉमी फिलिप्सही त्याच यादीत होता.