एक डिस्क, दोन सर्व्हर आणि मधला घोळ

गर्दीने वेबसाइट बसली की सल्ला ठरलेला असतो: 'सर्व्हर वाढवा!' वाढवणं तसं सोपं आहे. पुढे लोड बॅलन्सर ठेवायचा, तो येणाऱ्या विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देतो. पंचाईत नंतरची. तुम्ही चढवलेला फोटो पडला पहिल्या सर्व्हरवर, आणि पान पुन्हा उघडलं ते दुसऱ्यावरून. तिथे फोटोच नाही! म्हणून साठवण सामाईक हवी.

मग एकच डिस्क दोघांना जोडली तर? खरी गंमत इथे आहे. डिस्कवरचा कुठला ब्लॉक, म्हणजे ठरावीक मापाचा कप्पा, रिकामा आणि कुठला भरलेला, याचा नकाशा डिस्कवरच असतो; पण दर वेळी तो तिथून वाचणं परवडत नाही, म्हणून सर्व्हर त्याची प्रत रॅममध्ये बाळगतो. फाइल सिस्टिम म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे ठेवायची ते सांभाळणारी व्यवस्था; ईएक्सटी४सारखी नेहमीची फाइल सिस्टिम धरूनच चालते की या डिस्कला दुसरं कुणी हात लावत नाही. आता समजा, पहिल्याने ५०१२ नंबरच्या रिकाम्या ब्लॉकमध्ये फोटो लिहिला. दुसऱ्याच्या प्रतीत तो ब्लॉक अजून रिकामाच, त्यामुळे त्याने तिथेच दुसरी फाइल लिहिली. फोटोची माती! आणि त्या क्षणी एररसुद्धा येत नाही. पुढे दोघे आपापले नकाशे एकमेकांवर लिहितात, तेव्हा फोल्डरच्या फोल्डर गायब होतात.

जीएफएस२, ओसीएफएस२ या क्लस्टर, म्हणजे अनेक सर्व्हरनी मिळून वापरायच्या, फाइल सिस्टिम यासाठी कुलपं वापरतात: एकाला लिहायचं असेल तर दुसऱ्याला आपली जुनी प्रत टाकून द्यावी लागते. पण कुलूप घेऊन बसलेला सर्व्हरच गप्प झाला तर? तो मेला की नुसतं नेटवर्क तुटलं, हे बाहेरून कळत नाही. मग बाकीचे सरळ त्याची वीज तोडतात किंवा डिस्कची वाट बंद करतात. याला फेन्सिंग म्हणतात. एवढा व्याप नको असेल तर सन कंपनीने १९८४ मध्ये आणलेलं एनएफएस आहे, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्याच्या डिस्कवरच्या फाइली वापरायची पद्धत. डिस्कचा मालक एकच, बाकीचे त्याच्याकडे मागतात. अर्थात तो मालक पडला की सगळेच अडले.

फाइलींचं झालं; साइटची बाकी माहिती सगळ्या सर्व्हरना सामाईक अशा डेटाबेसमध्ये असते, आणि तो दूर असला तर अडचण वेगळी. 'क्लाउडवर टाका, अंतराचा प्रश्नच मिटला' असं विकणारे पुष्कळ. पण काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटरच जातो. डेटाबेस १,००० किलोमीटरवर असेल, तर एका क्वेरीच्या, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या, जाण्यायेण्यातच किमान १० मिलिसेकंद जातात. एका पानाने एकामागून एक १०० क्वेरी केल्या की एक पूर्ण सेकंद नुसता वाटेत, मग प्रोसेसर कितीही तगडा असो. त्याच क्वेरी एका जॉइनमध्ये, म्हणजे अनेक तक्त्यांतली माहिती जोडून एकदम मागणाऱ्या एकाच क्वेरीत, बांधता आल्या, तर वाटेतला वेळ पुन्हा १० मिलिसेकंदांवर येतो.