नवा राउटर घेण्यापूर्वी: घरातल्या वाय-फायची वीस वर्षे

नागपुरात मे महिन्यात एक तक्रार हमखास कानावर येते, ती अशी की कूलर बसवल्यापासून आतल्या खोलीत नेट चालत नाही. ऐकणाऱ्याला हसू येते, परंतु तक्रार खोटी नसते. डेझर्ट कूलर म्हणजे जस्तलेपित पत्र्याची पेटी, तिच्या तीन बाजूंना टुल्लू पंपाने सतत भिजत राहिलेल्या ताट्या आणि तळाला टाकीभर पाणी. रेडिओ लहरी पत्र्यावर आदळून परततात आणि पाण्यात बऱ्याच अंशी शोषल्या जातात. जाड भिंतींच्या घरात हॉलच्या खिडकीतून बाहेर पडून शेजारच्या खोलीच्या खिडकीतून आत शिरणे हीच अनेकदा लहरींची सोपी वाट असते, आणि नेमकी तीच वाट नवतप्याच्या तोंडावर पत्र्याने व पाण्याने बंद होते. मग घरात चर्चा सुरू होते की राउटर जुना झाला, आता नवा घ्यावा. तो घ्यावा की नाही, याचे उत्तर खोक्यावरच्या आकड्यांत शोधण्याऐवजी गेल्या वीस वर्षांत इंटरनेट घरात कसे शिरले आणि वेळोवेळी कोठे अडत गेले, हे पाहिले तर ते अधिक लवकर सापडते.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ती मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या महानगरांपुरती होती आणि नागपूर त्या यादीत नव्हते. पुढे डायल-अप आले, सीताबर्डीपासून वस्त्यांपर्यंत सायबर कॅफे उघडले, तरी घरात संगणक एक आणि टेलिफोनची जोडणीही एक, अशा काळात राउटरची गरजच निर्माण झाली नव्हती. ती झाली ब्रॉडबँडमुळे. ऑक्टोबर २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही किमान गती ठरवली आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमची डेटावन सेवा सुरू झाली. त्याच महिन्यात केंद्र सरकारने वाय-फाय ज्यावर चालते तो २.४ गिगाहर्ट्झचा रेडिओ लहरींचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. घरात वाय-फाय लावण्यासाठी सरकारदरबारी अर्ज करावा लागत नाही, याचे मूळ या अधिसूचनेत आहे.

वाय-फायचे तंत्र तोवर बरेच पुढे गेलेले होते. अमेरिकेने १९८५ मध्येच काही रेडिओ पट्टे विनापरवाना वापरासाठी खुले केले होते. ८०२.११ हे वाय-फायचे पहिले मानक १९९७ मध्ये आले आणि त्याची कमाल गती सेकंदाला २ मेगाबिट होती. १९९९ मधल्या ‘बी’ या पुढच्या आवृत्तीने ती ११ वर नेली, २००३ मधल्या ‘जी’ने ५४ वर. आता ही दोन टोके शेजारी ठेवून पाहावीत. भिंतीतून येणाऱ्या तारेत पाव मेगाबिट आणि राउटरच्या अंगात ५४ मेगाबिट. राउटर चौथ्या खोलीत कितीही मंदावला तरी तारेपेक्षा तो वेगवानच राहत असे. त्या काळी राउटर बदलून गती वाढवण्याचा प्रश्नच नव्हता, कारण चिंचोळी जागा घराबाहेर, खांबावरच्या तांब्याच्या जोडीत होती. रात्री दोन ते सकाळी आठ या वेळात डाउनलोड मोफत असणाऱ्या योजनेसाठी गजर लावून उठणारी पिढी याच काळातली, आणि तिच्या मनात ‘नेट हळू म्हणजे कंपनीची लाइन खराब’ हे समीकरण जे बसले ते अजून पुरते निघालेले नाही.

त्या वर्षांत राउटर बदलण्याचे एक सबळ कारण मात्र होते, ते म्हणजे सुरक्षितता. वेप ही मूळची कुलूपपद्धत २००१ मध्येच फोडता येते असे सिद्ध झाले होते. तिच्या जागी २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आले, तरी आपल्याकडे असंख्य राउटर वेपवर किंवा चक्क विनापासवर्ड चालत राहिले. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या बाँबस्फोटांच्या आधी पाठवलेला ई-मेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निघाले, तेव्हा पासवर्ड ही गोष्ट घराघरांत पोहोचली. २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ उपलब्ध आहे. घरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए-२ सुद्धा दिसत नसेल, तर पुढची सगळी चर्चा बाजूला ठेवून तो बदलावा.

दरम्यान २००९ मध्ये ‘एन’ मानक आले. एकाहून अधिक अँटेनांमधून एकाच वेळी वेगवेगळा मजकूर पाठवण्याची युक्ती त्यात होती, आणि त्यातूनच आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत अजूनही दिवाणखान्याच्या शोकेसवर बसलेला, दोन काड्यांचा, ‘३०० मेगाबिट’ लिहिलेला राउटर जन्माला आला. हे यंत्र बिचारे इमानी आहे आणि दहा-दहा वर्षे चालते. परंतु त्याच्या दोन मर्यादा खोक्यावर ठळकपणे लिहिलेल्या नसतात. एक म्हणजे ते बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते. दुसरी मर्यादा अधिक लपलेली आहे: त्याच्या मागच्या बाजूची, जिथे तार खोचतात ती पोर्टे बहुतेक स्वस्त नमुन्यांत सेकंदाला १०० मेगाबिटचीच असतात. म्हणजे हवेत ३०० चा दावा करणाऱ्या यंत्रात बाहेरून १०० पेक्षा अधिक काही शिरूच शकत नाही.

ही मर्यादा कोणाला खुपली नाही, कारण लाइनच तिथवर पोहोचत नव्हती. ती पोहोचली फायबरमुळे. सप्टेंबर २०१९ मध्ये जिओने आपली घरगुती फायबर सेवा व्यावसायिक पातळीवर सुरू केली तेव्हा तिची सर्वांत लहान योजनाच १०० मेगाबिटची होती, आणि स्पर्धेमुळे इतरांनाही त्या पातळीला यावे लागले. पाठोपाठ मार्च २०२० ची टाळेबंदी आली. नागपूरची मुले नोकरीसाठी पुण्याला जातात, हे शहराचे जुने दुखणे. ती मुले लॅपटॉप घेऊन घरी परतली आणि ज्या घरात संध्याकाळी एक मोबाइल व्हिडिओ पाहत असे, त्या घरात सकाळी दहा वाजता एकाच वेळी दोन कार्यालये आणि एक शाळा भरू लागली. चिंचोळी जागा घराबाहेरून घराच्या आत आली ती या दोन वर्षांत. लोकांची समजूत मात्र जुन्या जागीच थांबली आणि घरोघरी मोठ्या गतीच्या योजना घेतल्या गेल्या.

माझ्या स्वतःच्या घरी हेच झाले. आम्ही १०० ची योजना सोडून २०० ची घेतली, पैसे अधिक भरले आणि मोबाइलवर मोजलेली गती होती तिथेच राहिली. सेवा देणाऱ्याकडे तीनदा तक्रार झाली, दोनदा माणूस येऊन गेला, आणि लाइन ठीक असल्याचे त्याचे म्हणणे आम्ही अर्थातच खरे मानले नाही. शेवटी लॅपटॉपला तार लावून ती थेट फायबरच्या पेटीत खोचली तेव्हा १९० च्या वर आकडा दिसला, आणि तीच तार राउटरमागून घेतली तेव्हा ९३. हा ९३-९४ चा आकडा ओळखून ठेवण्यासारखा आहे, कारण १०० मेगाबिटच्या पोर्टातून व्यवहारात तेवढेच बाहेर पडते. पोर्ट गिगाबिटचे असूनही हाच आकडा येत असेल, तर तार तपासावी. आठ धाग्यांच्या तारेतला एखादा धागा क्लिपमध्ये नीट बसला नसला, तरी जोडणी निमूटपणे १०० वर उतरते.

२.४ गिगाहर्ट्झची दुसरी अडचण शेजाऱ्यांची. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच मिळतात, १, ६ आणि ११. नागपूर सुधार प्रन्यासच्या जुन्या लेआउटमध्ये एका भूखंडावर एक घर होते, तेव्हा तीन पुरत. आता त्याच भूखंडावर चार मजल्यांचे फ्लॅट उभे आहेत आणि मोबाइलवर वाय-फायची यादी उघडली तर पंधरा-वीस नावे सहज दिसतात. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचे, बाकीच्यांनी थांबायचे, असा वाय-फायचा नियम असल्याने रात्री नऊनंतर प्रत्येक जण दुसऱ्यासाठी थांबलेला असतो. ब्लूटूथही याच पट्ट्यात आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो.

यावरचा उतारा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा. २०१३ च्या ‘एसी’ मानकाने, म्हणजे आताच्या नावाने वाय-फाय ५ ने, तो घरगुती यंत्रांत रुळवला, आणि भारताने ऑक्टोबर २०१८ मध्ये या पट्ट्यातला एकूण ६०५ मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त केला. इथे जागा ऐसपैस आहे, शेजाऱ्यांची गर्दी कमी आहे आणि साध्या दोन अँटेनांच्या मोबाइललाही जवळून ८६७ मेगाबिटची जोडणी मिळू शकते. मात्र लहर जितकी आखूड, तितकी भिंत तिला जड जाते. २.४ ची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटरची, तर ५ ची सहाच्या आसपास. नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीतल्या वाड्यांच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती किंवा जुन्या बंगल्यांच्या नऊ इंची विटांच्या भिंती दोन ओलांडल्या की ५ गिगाहर्ट्झची दमछाक होते, आणि सळयांनी भरलेला स्लॅब त्याहून अवघड. म्हणून तळमजल्याच्या कोपऱ्यात, मीटरच्या पेटीजवळ, जिथून तार आत आली तिथेच ठेवलेला महागडा राउटरही वरच्या मजल्यावर निरुपयोगी ठरतो. राउटर कोठे ठेवायचा हे आपल्याकडे घरमालक ठरवत नाही, तार ओढायला आलेला माणूस ठरवतो, आणि त्याला पुढच्या घरी जायची घाई असते.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये वाय-फाय उपकरणे प्रमाणित करणाऱ्या वाय-फाय अलायन्स या संस्थेने अक्षरांऐवजी ४, ५, ६ असे आकडे दिले, ही गिऱ्हाइकाची मोठी सोय झाली. उत्पादकांचे खोक्यावरचे आकडे मात्र आजही दिशाभूल करतात. ‘एसी १२००’ म्हणजे २.४ वरचे ३०० आणि ५ वरचे ८६७ यांची बेरीज वरच्या आकड्याकडे झुकवून केलेली. ‘एएक्स’ म्हणजे वाय-फाय ६, आणि ‘एएक्स १५००’ म्हणजे ३०० आणि १२०१. कोणताही मोबाइल एका वेळी या बेरजेच्या एकाच पदाशी जोडलेला असतो, आणि त्या पदाच्याही निम्म्याच्या आसपास प्रत्यक्ष हाती लागते. घराला किती लागते तेही पाहावे: ४के चित्रपटाला १५ ते २५ मेगाबिट पुरतात, व्हिडिओ बैठकीला चारच्या आत.

२०१९ च्या सप्टेंबरपासून प्रमाणित होऊ लागलेल्या वाय-फाय ६ चा खरा गुण कमाल गतीत नसून एकाच वेळी अनेक उपकरणांना थोडेथोडे वाढण्यात आहे. पंगतीत एकेकाचे पूर्ण जेवण उरकून पुढच्याकडे जाण्याऐवजी एकाच फेरीत सर्वांच्या पानात थोडे पडावे, तसे. टीव्ही, चार मोबाइल, कॅमेरे, लॅपटॉप असलेल्या घरात हा फरक जाणवतो, परंतु समोरची उपकरणेही ६ ची असतील तरच.

जानेवारी २०२४ पासून प्रमाणित होत असलेल्या वाय-फाय ७ ची गोष्ट वेगळी. त्याची ३२० मेगाहर्ट्झची रुंद वाट फक्त ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात मावते. भारताने या पट्ट्याचा खालचा ५०० मेगाहर्ट्झचा भाग खुला करण्याचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि ५०० मध्ये अशी रुंद वाट एकच निघते. शिवाय ६ ची लहर ५ पेक्षाही आखूड असल्याने नऊ इंची भिंतीपुढे तिचे काय होणार, ते उघड आहे. तीन-चारशे मेगाबिटच्या योजनेसाठी आज वाय-फाय ७ घेणे मला तरी उधळपट्टी वाटते.

जुन्या यंत्राविषयी आणखी एक बाब लक्षात घ्यावी लागते. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर या घातक प्रणालीने जगभरातले किमान पाच लाख राउटर व तत्सम उपकरणे ग्रासल्याचे उघड झाले, त्यांत घरगुती यंत्रे मोठ्या संख्येने होती. उत्पादकाने ज्याच्या फर्मवेअरचे, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरचे, अद्ययावतीकरण थांबवले आहे असा राउटर चालत असला तरी तो निवृत्तच समजावा. नागपूरचे ऊनही आयुष्य कमी करते. माळ्यावर किंवा बंद लाकडी कपाटात ठेवलेले यंत्र मे महिन्यात दुपारी आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर आधी त्याला हवेशीर जागा द्यावी.

आमच्या घरी अखेर दोन गोष्टी केल्या. फायबरची पेटी मीटरजवळून जिन्याशेजारच्या भिंतीवर, छातीच्या उंचीवर हलवून घेतली, आणि गिगाबिट पोर्टे असलेला मध्यम किमतीचा वाय-फाय ६ राउटर तिथे लावला. वरच्या खोलीत त्यानेही भागले नाही, कारण मध्ये स्लॅब होता. गच्चीवरून तार टाकून तिथे दुसरे छोटे यंत्र बसवले, तेव्हा मुलाची बैठक अडायची थांबली. जुना दोन काड्यांचा राउटर बाहेरच्या खोलीत कूलरच्या पलीकडे, अंगणातल्या कॅमेऱ्यापुरता, वेगळ्या पासवर्डाने चालू आहे. त्या कॅमेऱ्याला दोन मेगाबिट पुरतात.