खडकाला पुरून उरणारी चिक्की

बोअरवेलची गाडी गावात आली की सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे. कितव्या फुटाला लागेल यावर पैजा. पण गाडीवाल्याची गडबड नसेल तेव्हा त्याच्याकडून खोदायचा बिट मागून जरूर बघा. पोलादाचा जाडजूड ठोकळा आणि त्याच्या तोंडावर रोवलेली बोराएवढी करडी बटनं. दख्खनचा काळा पाषाण फोडतात ती ही बटनं. पोलाद त्यांना फक्त धरून ठेवतं. लेथवर धातू कापणाऱ्या, बदलता येणाऱ्या टोकात, म्हणजे इन्सर्टमध्येही हाच माल असतो आणि बहुतेक बॉलपेनांच्या टोकाशी फिरणाऱ्या इवल्याशा गोळीतही.

वर्कशॉपमध्ये त्याला नुसतं ‘कार्बाइड’ म्हणतात. नाव अर्धंच आहे. टंगस्टन कार्बाइडचे, म्हणजे टंगस्टन आणि कार्बनच्या संयुगाचे, अतिशय कठीण दाणे आणि त्यांना बांधणारा कोबाल्ट धातू, अशी ही जोडी.

तिचा जन्म झाला दिव्यांच्या धंद्यात. बल्बसाठी टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या डाय, म्हणजे बारीक भोकाचे साचे, लागत आणि त्या भारी महाग पडत. बर्लिनच्या ओस्राम कंपनीत कार्ल श्रोटर यांनी त्याला पर्याय शोधला आणि १९२३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. काही वर्षांतच क्रुप कंपनीने हा माल ‘विडिया’ नावाने विकायला काढला. ‘वी डियामांट’ म्हणजे जर्मनमध्ये ‘हिऱ्यासारखा’.

टंगस्टन कार्बाइड वितळवून साच्यात ओतायचं म्हटलं तर २८०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं आणि तिथे त्याचं विघटनच होतं. नुसते दाणे भाजून जोडावेत, तर तुकडा ठिसूळ निघतो. मग उरते चिक्कीची रीत: दाणे तसेच ठेवायचे, पाक तेवढा करायचा.

दाणे असतात साधारण एक ते काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). कोबाल्टच्या भुकटीबरोबर ते गिरणीत तासन्‌तास घोटतात, थोडं मेण घालतात आणि साच्यात दाबतात. निघालेला तुकडा खडूसारखा असतो, नखाने खरवडला जाईल इतका कच्चा. भट्टीत आधी मेण उडून जातं. एकटा कोबाल्ट १४९५ अंशांना वितळतो, पण टंगस्टन आणि कार्बन त्यात विरघळू लागले की तो तेराशेच्या आसपासच पातळ होतो. पातळ कोबाल्ट दाण्यांवर पसरतो, फटींत शिरतो आणि दाण्यांना जवळ ओढतो. इथे चिक्कीची उपमा तोकडी पडते, कारण या पाकात शेंगदाणेही थोडे विरघळतात आणि पुन्हा दुसऱ्या दाण्यांवर जमतात. १४०० अंशांच्या आसपास हे सगळं उरकतं. तुकडा प्रत्येक बाजूने १७ ते २० टक्के आकसतो, म्हणजे आकारमान जवळजवळ निम्मं होतं. साचा बनवणाऱ्याला हा हिशेब आधीच धरावा लागतो.

आणखी एका बाबतीत ही उपमा उलटी पडते. चिक्कीत पाक कडक होऊन तुटतो. इथे मात्र चिवटपणा पाकाकडेच असतो. तडा कठीण दाण्यातून सरसर पळतो, पण कोबाल्टपाशी आला की अडखळतो. हा धातू ताणला जातो, ताकद खातो, तडा थोपवतो. म्हणून कोबाल्ट वाढवला की वस्तू चिवट होते आणि त्याच वेळी मऊही. दाणा बारीक केला की कठीणपणा वाढतो. कठीण हवं की चिवट, हा सौदा कुठल्याच साहित्यात टळत नाही. पण भुकटीच्या कामात त्याच्या दोन्ही चाव्या आपल्या हातात असतात, हे मला या तंत्राचं खरं वैभव वाटतं. बोअरवेलच्या बटनांत दाणा जाड ठेवतात, सर्किट बोर्डाला केसाएवढी भोकं पाडणाऱ्या ड्रिलमध्ये एक मायक्रॉनहूनही बारीक. पत्र्याला भोकं पाडताना ठोके खाणाऱ्या पंचमध्ये कोबाल्ट २० टक्क्यांच्या पुढेही जातो.

हे मोजायचं कसं? हिऱ्याचा चौकोनी पिरॅमिड वजनाने दाबतात. ठसा जितका लहान, तितका माल कठीण. वजन पुरेसं असेल तर ठशाच्या चार कोपऱ्यांतून बारीक तडे फुटतात. त्यांची लांबी मोजली की चिवटपणाचाही अंदाज येतो. १९५०च्या दशकात स्वीडनच्या पाल्मक्विस्ट यांनी बसवलेली ही रीत अजून चालते. वाकण्याला विरोध करण्यात हा माल पोलादाच्या सुमारे तिप्पट ताठ असतो. दाबाला तर ४००० मेगापास्कलच्या पुढेही टिकतो. तडा रोखण्यात मात्र बांधकामाचं साधं पोलाद त्याला कैक पटींनी मागे टाकतं. म्हणून तर इन्सर्ट फरशीवर पडला की लेथ चालवणाऱ्या टर्नरच्या तोंडून शिवी निघते.

खरा शत्रू म्हणजे आत राहून गेलेलं छिद्र. गोल पोकळीच्या कडेलाही ताण सुमारे दुप्पट होतो. पोकळी वेडीवाकडी असेल तर आणखी वाढतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. मोठ्या तुकड्यात असं छिद्र सापडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे एकाच मालाची लहान पट्टी मोठीपेक्षा जास्त ताण सोसते. उपाय म्हणून भट्टीतच, कोबाल्ट पातळ असताना, आर्गॉन वायूचा ५० ते १०० बार (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब) दाब देऊन छिद्रं मिटवतात.

आणि कार्बन! टंगस्टन कार्बाइडमध्ये तो वजनाने ६.१३ टक्के असतो. थोडा कमी पडला तर एक वेगळंच ठिसूळ संयुग तयार होतं, जास्त झाला तर मऊ ग्रॅफाइटचे ठिपके उमटतात. आमटीतल्या मिठाला इतकी शिस्त नसते.

झिजलेले इन्सर्ट कुणी फेकून देत नाही. डबा भरला की भंगारवाला किलोवर घेतो. पुढे ते वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त कोबाल्टमध्ये शिरतं, तो फुगतो आणि घट्ट तुकडा भुसभुशीत होतो. मग निर्वात भट्टीत जस्त उडवून लावायचं. मागे उरते तीच करडी भुकटी, पुन्हा साच्यात दाबायला तयार.